मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांत राजकीय कल कुठून शिरतो आणि तो कसा मोजावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेतील मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचे कर्मचारी बहुसंख्येने एकाच राजकीय विचाराचे असतात असे सर्रास म्हटले जाते, ते खरे आहे का, खरे असल्यास त्यांनी घडवलेल्या शोधसेवेत, समाजमाध्यमांत आणि ईमेलमध्ये तो कल उतरतो का, आणि उतरत असल्यास मतदारावर त्याचा काही परिणाम होतो का. आपण राज्यशास्त्र शिकवता आणि वर्गात हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतोच, असेही आपण लिहिले आहे. मी सुमारे अठरा वर्षे याच क्षेत्रात काढली. त्यांतली बरीचशी स्पॅम फिल्टरच्या कामात गेली आणि उरलेली मजकूर तपासणीचे नियम लिहिण्यात व ते प्रत्यक्षात कसे लावले जातात हे पाहण्यात गेली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी निष्कर्ष सांगतो. कर्मचाऱ्यांचा कल खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र कोणीतरी एका खोलीत बसून एका पक्षाचा मजकूर दाबून टाकतो, अशी जी कल्पना दोन्ही बाजूंच्या समर्थकांच्या मनात घट्ट बसली आहे, तिला मी पाहिलेल्या कामात आधार मिळाला नाही. कल शिरतो तो वेगळ्याच वाटांनी. त्यांतली सर्वांत रुंद वाट अभियंत्यांच्या टेबलाजवळून जातच नाही. ती मालकाच्या आणि सरकारांशी बोलणी करणाऱ्या विभागाच्या दालनातून जाते.

कर्मचाऱ्यांविषयीचा पुरावा आता सर्वांसमोर आहे. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकी सिनेटसमोर साक्ष देताना मार्क झुकरबर्ग यांनी सिनेटर टेड क्रूझ यांच्या प्रश्नावर सिलिकॉन व्हॅली ही अतिशय डावीकडे झुकलेली जागा असल्याचे स्वतःच मान्य केले. त्याच वर्षी ट्विटरचे तत्कालीन प्रमुख जॅक डॉर्सी यांनी आपल्या कंपनीतील पुराणमतवादी कर्मचाऱ्यांना मोकळेपणाने मत मांडणे सुरक्षित वाटत नाही, हे बोलून दाखवले. नोव्हेंबर २०१६ मध्ये ट्रम्प निवडून आल्यावर गूगलमध्ये सर्व कर्मचाऱ्यांची जी बैठक झाली, तिची चित्रफीत सप्टेंबर २०१८ मध्ये बाहेर फुटली आणि तीत सहसंस्थापक सर्गेई ब्रिन यांच्यासह वरिष्ठ मंडळी आपली निराशा उघडपणे व्यक्त करताना दिसली. त्याआधी ऑगस्ट २०१७ मध्ये जेम्स डेमोर या अभियंत्याला, कंपनीच्या विविधता धोरणावर टीका करणारे आणि आतल्या वैचारिक एकसुरीपणावर बोट ठेवणारे टिपण लिहिल्यानंतर, गूगलने कामावरून काढले होते. ती कारवाई कायद्यात बसते, असे मत अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या वकिलांनी पुढे दिले. परंतु त्या टिपणातील मुद्दे पटोत वा न पटोत, आत वेगळे बोलण्याची किंमत काय असते हे त्या प्रसंगानंतर प्रत्येक कर्मचाऱ्याला कळले.

हे सगळे पुरावे माणसांविषयी आहेत. त्यावरून सेवेविषयी काही सिद्ध होते का, हा पुढचा आणि अवघड प्रश्न आहे, आणि बहुतेक वाद नेमक्या याच पायरीवर उडी मारतात. माझे सांगणे असे की एकमताच्या वातावरणात कोणी मुद्दाम अन्याय करीलच असे नाही, पण झालेला अन्याय कोणाला खटकत नाही, आणि नुकसान व्हायला तेवढे पुरेसे असते.

हे मला कसे कळले ते सांगतो. मी एका कंपनीत होतो तेव्हा स्पॅम फिल्टरची नवी आवृत्ती बाहेर सोडण्याआधी ती कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या मेलवर चालवून पाहण्याची पद्धत होती. सोमवारी सकाळी नवी आवृत्ती लागायची आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तक्रारी यायच्या: कोणाच्या मुलाच्या शाळेचे पत्रक स्पॅममध्ये गेले, कोणाचे बँकेचे विवरण, कोणाला पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेकडून आलेले देणगीचे आवाहन. त्या चुका आम्ही त्याच संध्याकाळी दुरुस्त करत असू. बंदूकधारकांच्या संघटनेचे पत्रक किंवा टेक्ससमधल्या एखाद्या चर्चचे साप्ताहिक मेल स्पॅममध्ये गेल्याची तक्रार एकदाही आली नाही, कारण असे मेल हौसेने मागवणारा माणूस आमच्या मजल्यावर नव्हता. पुढे बाहेरच्या ग्राहकांकडून तशा तक्रारी आल्या, तेव्हा तीच चूक दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले, कारण ग्राहकाची तक्रार आमच्यापर्यंत पोहोचायला मध्ये चार पायऱ्या होत्या. आमच्यापैकी कोणी चर्चवर राग धरून काम करत नव्हता. एका प्रकारच्या चुकीला संध्याकाळची मुदत होती आणि दुसऱ्या प्रकारच्या चुकीला तीन आठवड्यांची, एवढेच.

आता ज्या प्रकरणाबद्दल मला अधिकाराने बोलता येते, त्याकडे वळतो. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी जीमेल, आउटलुक आणि याहू या तीन सेवांवर शंभराहून अधिक नवी खाती उघडली, अध्यक्षपद, सिनेट आणि प्रतिनिधिगृहाच्या उमेदवारांच्या प्रचार मेलसाठी त्या खात्यांतून नावे नोंदवली आणि जुलै ते नोव्हेंबर असे पाच महिने कोणते मेल कुठे पडतात हे मोजले. तीन लाखांहून अधिक मेल जमा झाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जीमेलने डाव्या, म्हणजे डेमोक्रॅटिक, उमेदवारांचे बहुतेक मेल इनबॉक्समध्ये ठेवले आणि उजव्या, म्हणजे रिपब्लिकन, उमेदवारांचे बहुसंख्य मेल स्पॅममध्ये टाकले. दोहोंतले अंतर ५९.३ टक्क्यांचे होते. आउटलुक आणि याहू यांचा कल याच्या उलट होता: तिथे डाव्या उमेदवारांचे मेल अधिक प्रमाणात स्पॅममध्ये गेले, अंतर अनुक्रमे २०.४ आणि १४.२ टक्के. बातम्यांमध्ये पहिला आकडा गाजला आणि दुसरे दोन मागे पडले. संशोधकांनी मात्र स्पष्ट लिहिले होते की कंपन्यांनी हे हेतुपुरस्सर केले असे मानण्यास त्यांना कारण सापडले नाही.

मग असे का झाले असावे? स्पॅम फिल्टर पाठवणारा कोणत्या पक्षाचा आहे हे पाहत नाही; तो त्याची वागणूक पाहतो. मेल ज्या डोमेनवरून आणि ज्या आयपी पत्त्यावरून निघतो त्यांची आजवरची पत कशी आहे, पाठवणाऱ्याची ओळख तांत्रिक रीत्या प्रमाणित केलेली आहे का, आधी ज्यांना ते मेल गेले त्यांच्यापैकी किती जणांनी ‘स्पॅम’ म्हणून तक्रार केली, किती जणांनी न उघडताच पुसून टाकले, आणि पाठवण्याचा वेग अचानक वाढला का, या गोष्टींना मजकुरापेक्षा जास्त वजन असते. आता एका पक्षाच्या प्रचारकांनी विकत किंवा उसन्या घेतलेल्या पत्त्यांच्या याद्यांवर जास्त भर दिला आणि दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी स्वतः नाव नोंदवलेल्यांनाच मेल पाठवले, तर पहिल्याच्या वाट्याला तक्रारी अधिक येणार आणि त्याची पत घसरणार, यात वैचारिक असे काही नाही. रिपब्लिकन राष्ट्रीय समितीने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलवर दावा लावला, तेव्हा तिचा एक मुख्य आक्षेप असा होता की दर महिन्याच्या अखेरीस आपले जवळजवळ सर्व मेल स्पॅममध्ये जातात. या धंद्यात वर्षे काढलेल्या माणसाला तो आक्षेप वाचताक्षणी दुसरी शक्यता सुचते: देणग्या गोळा करणारे लोक महिनाअखेरीलाच मेलचा पूर आणतात, आणि वेगात अचानक झालेली वाढ हा कोणत्याही फिल्टरसाठी संशयाचा पहिला संकेत असतो. त्यापूर्वी गूगलने राजकीय समित्यांच्या मेलसाठी एक वेगळी प्रायोगिक सवलत देऊ केली होती आणि अमेरिकेच्या निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये तिला परवानगीही दिली होती. त्याच आयोगाने रिपब्लिकनांची गूगलविरुद्धची तक्रार जानेवारी २०२३ मध्ये निकालात काढली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने तो दावा पहिल्या फेरीत फेटाळला.

तरीही एवढ्यावरून गूगल निर्दोष ठरते, असे मी म्हणणार नाही. मी वर सांगितलेली कारणे शक्य आणि सरावातून आलेली आहेत, पण ती खरी आहेत की नाही हे दाखवणारे आकडे फक्त कंपनीकडे आहेत. आणि आमच्या मजल्यावर जे घडत होते ते तिथेही घडत नसेल कशावरून? पाच महिने एका पक्षाचे बहुसंख्य मेल स्पॅममध्ये पडत होते आणि ते आतल्या कोणाच्या डोळ्यांवर आले नाही, किंवा आले तरी तातडीचे वाटले नाही, ही गोष्ट हेतू नसतानाही गंभीर आहे. त्याच अभ्यासातली आणखी एक नोंद मला फार बोलकी वाटते: वापरकर्त्याने स्वतः हे मेल स्पॅममधून बाहेर काढायला सुरुवात केली की जीमेलमधले अंतर लक्षणीय कमी होत असे. म्हणजे यंत्र ऐकत होते. त्याला सांगणारी माणसे कमी होती.

असाच पेच खाती बंद करण्याच्या कारवाईत दिसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेचर नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ट्विटरवरील सुमारे ९,००० राजकीय खाती तपासली होती. २०२० च्या निवडणुकीच्या काळात ट्रम्प यांच्या बाजूचे हॅशटॅग वापरणाऱ्या खात्यांवर, बायडन यांच्या बाजूच्या खात्यांपेक्षा ४.४ पट अधिक प्रमाणात बंदी आली होती. पण याच खात्यांनी कमी विश्वासार्ह संकेतस्थळांच्या बातम्याही कितीतरी अधिक पसरवल्या होत्या, आणि कोणते संकेतस्थळ विश्वासार्ह हे ठरवायला दोन्ही पक्षांच्या सामान्य माणसांचा समतोल गट घेतला तरी तो निष्कर्ष बदलला नाही. नियम सर्वांना सारखा लावला तरी फळ असमान येऊ शकते. उलट, ट्विटरच्याच संशोधकांनी २०२१ मध्ये सात देशांतील राजकारण्यांचे ट्वीट तपासले तेव्हा सातपैकी सहा देशांत, कोणाला कोणता मजकूर दाखवायचा हे ठरवणाऱ्या त्यांच्या अल्गोरिदमने उजव्या बाजूला अधिक प्रसार दिल्याचे आढळले, आणि त्याचे कारण त्यांना सांगता आले नाही. तेव्हा ट्विटरचे कर्मचारी बहुसंख्येने डावे होते, हे लक्षात घेतले म्हणजे कर्मचाऱ्यांच्या मतांवरून सेवेचा कल ताडणे किती फसवे आहे ते ध्यानात येते.

माणसाचा हात थेट पडतो तो अपवादांच्या ठिकाणी. रोजचे कोट्यवधी निर्णय यंत्रे आणि कंत्राटी तपासनीस घेतात, आणि त्यांत एखाद्याच्या मताला फारसा वाव नसतो. पण प्रकरण मोठे असले, व्यक्ती प्रसिद्ध असली किंवा निवडणूक तोंडावर आली असली की ते वर जाते आणि मूठभर माणसे काही तासांत निर्णय घेतात. १४ ऑक्टोबर २०२० रोजी न्यूयॉर्क पोस्टने उमेदवार जो बायडन यांचे पुत्र हंटर बायडन यांच्या लॅपटॉपविषयी दिलेली बातमी ट्विटरने हॅक केलेल्या सामग्रीविषयीच्या नियमाखाली अडवली, इतकी की तिचा दुवाही पाठवता येईना, आणि त्या वृत्तपत्राचे खाते सुमारे दोन आठवडे गोठून राहिले. डॉर्सी यांनी पुढे ती चूक असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२२ मध्ये उघड झालेल्या अंतर्गत पत्रव्यवहारात, हा नियम इथे खरोखर लागू होतो असे आपण म्हणू शकतो का, हा प्रश्न आतल्याच अधिकाऱ्याने विचारलेला दिसतो. २०१६ च्या निवडणुकीतील रशियन हॅकिंगची धास्ती त्यामागे होती हे मला मान्य आहे. परंतु हीच बातमी दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराच्या मुलाविषयी असती तर तो प्रश्न विचारणारा आवाज अधिक मोठा झाला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. कर्मचाऱ्यांचा कल सेवेत उतरल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

अपवादांची वाट नेहमी एकाच दिशेने जाते असे मात्र नाही, आणि आपल्या देशातील उदाहरण तेच दाखवते. १४ ऑगस्ट २०२० रोजी वॉल स्ट्रीट जर्नलने असे वृत्त दिले की फेसबुकच्या भारतातील सार्वजनिक धोरण विभागाच्या प्रमुखांनी तेलंगणातील भाजपच्या एका आमदाराला द्वेषमूलक वक्तव्यांविषयीचे नियम लावण्यास विरोध केला, आणि तसे केल्यास कंपनीच्या भारतातील व्यवसायाला धक्का बसेल असे कारण दिले. राजकीय परिणामांची चिंता व्यक्त झाली होती, पण निर्णय केवळ त्यावर झाला नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या आमदारावर बंदी आली आणि ऑक्टोबरमध्ये त्या अधिकाऱ्यांनी कंपनी सोडली. त्याच सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला तत्कालीन केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी झुकरबर्ग यांना पत्र लिहून फेसबुकचे भारतातील कर्मचारी उजव्या विचारांविरुद्ध पक्षपात करतात, अशी तक्रार केली. महिन्याभराच्या आत एकाच कंपनीवर दोन विरुद्ध आरोप झाले, यावरून अनेकांनी ‘दोन्ही बाजू ओरडतात, म्हणजे कंपनी मध्यावर असणार’ असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष चुकीचा आहे. दोन्ही आरोप एकाच वेळी खरे असू शकतात, कारण ते कंपनीच्या दोन वेगळ्या मजल्यांविषयी आहेत: खाली नियम लावणारे लोक एका विचाराचे असू शकतात आणि वर सरकारशी संबंध राखणारे लोक सत्तेला दुखवायला तयार नसतात. सरकारशी बोलणी करणाऱ्याच माणसाला मजकुराविषयीच्या निर्णयात मत असणे, ही रचनाच सदोष आहे. याच कंपनीत ‘क्रॉसचेक’ नावाची व्यवस्था होती, जिच्यामुळे २०२० मध्ये ५८ लाख प्रसिद्ध आणि वजनदार वापरकर्त्यांना नेहमीच्या कारवाईपासून कमीअधिक संरक्षण मिळत होते. २०२१ मध्ये फुटलेल्या कागदपत्रांतून हे बाहेर आले.

कर्मचाऱ्यांपेक्षा मालकाचा कल किती भारी पडतो हे गेल्या काही वर्षांत सर्वांनी पाहिले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरना ट्विटर विकत घेणाऱ्या इलॉन मस्क यांनी २०२४ मध्ये त्याच माध्यमावरून ट्रम्प यांना उघड पाठिंबा दिला. जानेवारी २०२५ मध्ये मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीने, अमेरिकेत बाहेरच्या संस्थांकडून होणारी तथ्यतपासणी बंद करण्याची आणि मजकुराचे नियम पाहणारे विभाग कॅलिफोर्नियातून टेक्ससला हलवण्याची घोषणा केली, आणि त्याच महिन्यात २०२१ मध्ये आपल्या खात्यांवर आलेल्या बंदीबद्दल ट्रम्प यांनी लावलेला दावा अडीच कोटी डॉलर देऊन मिटवला. या काळात मेटाच्या कर्मचाऱ्यांची मते रातोरात बदलली असतील असे मला वाटत नाही. बदलले ते वॉशिंग्टनमधील सरकार. म्हणून विद्यार्थ्यांनी ‘तिथले कर्मचारी कोणाला मत देतात’ असे विचारले, तर त्यांना ‘मालकाला या वर्षी कोणाची मर्जी हवी आहे’ हा प्रश्नही सोबत विचारायला सांगावे.

एका वाटेविषयी क्वचितच बोलले जाते आणि आपल्याला तीच सर्वांत जवळची आहे: भाषेची वाट. फेसबुकची जी कागदपत्रे २०२१ मध्ये कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी बाहेर आणली, त्यांनुसार चुकीची माहिती ओळखण्याच्या कामावरील वेळेच्या खर्चापैकी ८७ टक्के एकट्या अमेरिकेसाठी राखून ठेवला होता आणि उरलेल्या १३ टक्क्यांत सारे जग होते. कंपनीने हे आकडे अपुरे असल्याचे म्हटले. भारतातील २२ मान्यताप्राप्त भाषांपैकी आपण पाच भाषांसाठी यंत्रणा शिकवल्याचे कंपनीचे तेव्हाचे सांगणे होते.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते मी एका विधानसभा निवडणुकीच्या आधी पाहिले. मला तपासायला दिलेल्या मराठी पोस्टचा एक गठ्ठा ‘हिंसेची धमकी’ या शिक्क्यासह आला होता. शिक्के मारणाऱ्यांना मराठी येत नव्हती. त्यांच्यासमोर यंत्राने केलेले इंग्रजी भाषांतर होते. ‘यंदा त्यांना चारी मुंड्या चीत करणार’, ‘धूळ चारल्याशिवाय राहणार नाही’, ‘पाणी पाजू’, ‘सुपडा साफ करू’ अशी ती वाक्ये होती. आखाड्यातली आणि शेतातली ही बोली आपल्याकडे कोणत्याही प्रचारसभेत ऐकू येते आणि तिने कोणाच्या केसालाही धक्का लागत नाही. आता गठ्ठ्याची दुसरी बाजू पाहा. ‘बघून घेऊ’ याचे भाषांतर ‘आम्ही पाहून घेतो’ असे होऊन ते सुखरूप सुटले होते, आणि ‘टप्प्यात आला की करेक्ट कार्यक्रम करतो’ हे वाक्य एखाद्या समारंभाचे निमंत्रण वाटावे असे भाषांतरात उतरले होते. ज्याला मराठी राजकारण कळते त्याला यांतले कोणते वाक्य केव्हा धमकीचे असते ते सांगावे लागत नाही. कारवाई झाली असती तर ती कोणावर? कोल्हापूर-सांगलीकडच्या, रांगडी बोली लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांवर. पुण्या-मुंबईत जाहिरात संस्थेकडून मजकूर लिहून घेणाऱ्या उमेदवारांना झळ लागली नसती. हा कल कोणाच्याही राजकीय मतातून आलेला नव्हता. तो मराठी जाणणारे दोन तपासनीस नेमण्याचा खर्च वाचवण्यातून आला होता, आणि तरीही त्याचा परिणाम राजकीयच झाला असता.

परिणामांविषयी जपून बोलावे लागते. २०१५ मध्ये रॉबर्ट एपस्टाइन आणि रोनाल्ड रॉबर्टसन यांनी एका उमेदवाराला झुकते माप देणारी शोधनिकालांची क्रमवारी दाखवून प्रयोग केले. त्यांतला एक प्रयोग २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतातील दोन हजारांहून अधिक अनिश्चित मतदारांवर झाला होता. अशा क्रमवारीने अनिश्चित मतदारांचा कल २० टक्के किंवा त्याहून अधिक हलू शकतो, असा त्यांचा दावा होता. मात्र तो प्रयोग बनावट शोधयंत्रावर, एकाच बैठकीत झाला होता. खऱ्या मतदाराला घरात, कट्ट्यावर आणि दूरचित्रवाणीवर दहा ठिकाणांहून मते ऐकू येत असतात. शिवाय असे करणे शक्य आहे हे दाखवणे आणि एखाद्या कंपनीने ते केले हे दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीकडे, मेटाच्या सहकार्याने झालेले आणि जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले अभ्यास सांगतात की २०२० च्या निवडणुकीत हजारो वापरकर्त्यांना तीन महिने अल्गोरिदमऐवजी निव्वळ काळानुक्रमाने मजकूर दाखवला, तरी त्यांच्या राजकीय मतांत मोजता येईल असा फरक पडला नाही. त्या अभ्यासांवरही पुढे आक्षेप आला, कारण त्याच काळात कंपनीने निवडणुकीसाठी तातडीचे काही बदल केलेले होते.

मला स्वतःला सर्वांत जास्त चिंता वाटते ती एका जुन्या आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या प्रयोगामुळे. २ नोव्हेंबर २०१० रोजी फेसबुकने अमेरिकेत सुमारे ६.१ कोटी लोकांना मतदानाची आठवण करून देणारा संदेश दाखवला आणि बहुतेकांना मतदान केलेल्या मित्रांचे चेहरेही दाखवले. २०१२ मध्ये नेचरमध्ये आलेल्या अंदाजानुसार त्यामुळे सुमारे ३ लाख ४० हजार जास्तीची मते पडली. संदेश कोणत्याही पक्षाचा नव्हता. पण तोच संदेश कोणाला दाखवायचा आणि कोणाला नाही हे कंपनीच्या हातात आहे, आणि तो निवडक ठिकाणीच दाखवला गेला तर बाहेरच्या कोणाला ते कळायला मार्ग नाही. चुरशीच्या मतदारसंघात काही हजार मते निकाल फिरवतात.

म्हणून माझा सारा भर बाहेरून मोजता येण्यावर आहे, आणि नेमके तेच आता कठीण होत चालले आहे. ट्विटरने २०२३ च्या सुरुवातीला संशोधकांना फुकट मिळणारी माहिती बंद केली. मेटाने क्राउडटँगल हे, कोणती पोस्ट किती पसरते ते दाखवणारे आणि पत्रकारांच्या रोजच्या वापरातले साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने तिथे साडेचार कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या सेवांवर संशोधकांना माहिती देण्याचे बंधन घातले आहे. भारतात तसे बंधन नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार जो मजकूर बंद करायला लावते, त्याचे आदेश २००९ च्या नियमांनुसार गोपनीय राहतात, त्यामुळे एखादी पोस्ट कंपनीच्या कलामुळे गेली की सरकारच्या आदेशामुळे, हेही अनेकदा कळत नाही.

तरी आपल्या वर्गाला हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. नॉर्थ कॅरोलायनातील त्या संशोधकांनी कंपनीकडून काहीही मागितले नव्हते. त्यांनी नवी खाती उघडली आणि जे येईल ते मोजले. आपले विद्यार्थी हे मराठीत करू शकतात. आपल्याकडचा प्रचार मेलपेक्षा व्हॉट्सअॅप, यूट्यूब आणि फेसबुकवर चालतो, आणि पहिल्यात बाहेरून फारसे मोजता येत नाही, म्हणून यूट्यूब आणि फेसबुक घ्यावे. मतदानाच्या किमान दोन महिने आधी वेगवेगळ्या जिल्ह्यांतून नवी खाती उघडावीत. निम्म्या खात्यांवरून एका आघाडीचे आणि निम्म्यांवरून दुसरीचे अधिकृत पान पाहण्यास सुरुवात करावी. रोज ठरावीक वेळी ठरावीक चार शोधशब्द टाकावेत आणि पहिल्या दहा निकालांचे चित्र तारीख-वेळेसह जपून ठेवावे. निवडणुकीनंतर कोणाला आठवले म्हणून जमवलेल्या नोंदींना किंमत राहत नाही, तेव्हा वही पहिल्या दिवसापासून असावी. आणि प्रत्येक नोंद दोघांनी स्वतंत्रपणे वाचावी, ज्यांतला एक जण दुसऱ्याच्या पक्षाला मत देणारा नसेल, म्हणजे आमच्या मजल्यावर चर्चच्या मेलचे जे झाले ते आपल्या टेबलावर होणार नाही.